कोठीतला पॉइंट

माझा नवरा घरातल्या घरात खाणकाम करतो. कुदळ-फावडं काही नाही. यंत्रं लावून ठेवायची, ती दिवसभर कसली तरी गणितं सोडवणार आणि इंटरनेटवरची नाणी खणून काढणार. खणलेलं नाणं मी अजून डोळ्यांनी पाहिलेलं नाही.

पहिलं यंत्र चांगलं धिप्पाड होतं. त्याला वेगळा पॉवर सप्लाय, आणि त्यासाठी मीटरपासून थेट मागच्या कोठीपर्यंत ओढलेली जाड वायर आणि मोठा पॉइंट. पण आवाज! शिवायला बसलं की माझंच मशीन मला ऐकू यायचं नाही. मी नवऱ्याचं डोकं खाल्लं, "काहीतरी लहान आण, गप्प बसणारं, साध्या प्लगवर चालणारं."

त्याने ऐकलं. जन्मात एकदा ऐकलं, ते हे! मोठं विकून त्याने डब्याएवढी यंत्रं आणली, प्रत्येक खोलीत एक, माझ्या शिवणाच्या टेबलावरसुद्धा. आवाज खरंच नाही. पण सगळी घराच्या साध्या लाइनवर. मी इस्त्री लावली की मेन पडतो आणि अख्खं घर बंद.

शिवण इस्त्रीने दाबली नाही तर महागातला कोटही गोणपाटासारखा दिसतो. म्हणून मी दोन-तीन यंत्रं बंद करून इस्त्री करायला लागले. लगेच ऑफिसातून फोन. त्याला मोबाइलवर सगळं दिसतं.

"अगं, बेडरूममधलं बंद पडलं का?"

"मी केलं. इस्त्री करतेय."

"आत्ताच? बरं, स्वयंपाकघरातलं तरी राहू दे."

माझ्याच घरात मी चोरासारखी वावरायला लागले. कामं रखडली, गिऱ्हाइकं तुटली. उरल्या फक्त वरच्या मजल्यावरच्या वकीलबाई. एके दिवशी सकाळी त्या कोट दुरुस्तीला देऊन गेल्या आणि स्पष्टच म्हणाल्या, "आज संध्याकाळपर्यंत झाला पाहिजे हं. नाहीतर मला दुसरीकडे बघावं लागेल."

तेव्हा मला कोठीतला पॉइंट आठवला. त्याची लाइन वेगळी! इस्त्रीची जाड पिन त्यात चपखल बसली. जुन्या पेटीवर चादर घातली आणि दार लावून घेतलं. इस्त्री तापली. मेन पडला नाही, फोन वाजला नाही. कोठीला खिडकी नाही, मी घामाने निथळत होते, पण किती दिवसांनी गुणगुणले! कोट वेळेत गेला. वकीलबाई इतक्या खूश झाल्या की आणखी दोन कोट हातात दिले.

ते घेऊन मी खाली येते तोच नवरा घरी आला, तोही खुशीत.

"आज एकही बंद झालं नाही! तरी मी म्हणत होतो, होईल तुला सवय."

"हो," मी म्हणाले. कोठीचं सांगावं की नको, ते माझं ठरत नव्हतं.

"म्हणून आज मोठं यंत्र सांगून टाकलं. पहिल्यापेक्षाही मोठं. कोठीतला पॉइंट नुसता पडून आहे ना. दार लावलं की आवाज नाही यायचा. उद्या येतंय."

भांडायचं तरी कशावरून? लहान यंत्रं मीच मागितली होती, आणि ती दिवसभर न अडता चालतात हेही आज मीच दाखवून दिलं होतं.

जागा मापायला टेप घेऊन तो कोठीत शिरला.

"अगं," आतून त्याचा आवाज आला, "यंत्र अजून आलंही नाही, आणि इथे इतकं उकडतंय कसं?"

वकीलबाईंचे दोन्ही कोट हातात धरून मी दारातच उभी राहिले.