सहा महिन्यांचा ढब्बू

लसीकरणाच्या खोलीत नर्सने टेबलावरचे कार्ड ओढून घेतले आणि मान वर न करताच विचारले,

"बाळाचं वय?"

"सहा महिने," ताई म्हणाली.

"मांडीवर घट्ट धरून बसा. पाय झाडू देऊ नका."

ताईच्या शेजारून बावन्न वर्षांचा, डोक्यावर नुकते कुठे विरळ केस उगवू लागलेला एक गृहस्थ उठला आणि शर्टाची बाही गुंडाळत टेबलापाशी जाऊन उभा राहिला. नर्सने आधी त्याच्याकडे पाहिले, मग त्याच्या मागे, बाळ कुठे दिसते का म्हणून.

"मांडीवर नको," तो म्हणाला. "ताईचे गुडघे दुखतात."

रांगेतल्या आया खुदकन हसल्या. ताईला मात्र हसू आले नाही. घरातल्यांनी लहानपणी त्याचे नाव ढब्बू ठेवले ते त्याच्या अंगावरून. आता त्या नावाला शोभेल असे त्याच्या अंगावर काही उरले नव्हते, पण नाव काही वजनाबरोबर उतरत नाही.

सहा महिन्यांपूर्वी त्याच्या हाडांतली बिघडलेली मज्जा औषधांनी पार धुऊन काढली होती आणि त्या जागी ताईची घातली होती. इस्पितळात त्या दिवसापासून त्याचे वय मोजत. त्या धुण्यात रोगांची जुनी ओळखही वाहून गेली. बालपणी टोचून घेतलेले सगळे वाया गेले, म्हणून धनुर्वातापासून पुन्हा पहिला पाढा.

"तुमच्या पेशी त्याच्यात छान रुजल्यात," डॉक्टरीणबाई मागच्या भेटीत ताईला म्हणाल्या होत्या. "पण पहारेकरी दारात उभे राहिले म्हणजे त्यांना चोर ओळखता येतो, असं नाही. लस दिली की कळेल."

हे वाक्य ताईच्या मनातून जात नव्हते. पुस्तकांची बांधणी करणारा आपला भाऊ उद्या साध्या खोकल्याने गेला, तर तो आपल्याच पेशींच्या नालायकीने गेला असे होईल, हे ती कोणाजवळ बोललीही नव्हती. सव्वीस वर्षे ती लोकांना गाडी शिकवत होती. शिकाऊ माणूस कितीही वेंधळा असो, तिच्या पायाखाली तिचा स्वतःचा ब्रेक असे. इथे तसे काहीच नव्हते.

लस टोचून घरी आल्यावर दुपारी जेवून ढब्बू झोपला. चार वाजता ती चहा घेऊन गेली आणि सवयीने तिने त्याच्या कपाळाला हात लावला. कपाळ चटका बसेल इतके तापले होते. थर्मामीटर एकशे एकवर जाऊन थांबला.

मागच्या तापाने ढब्बूला एकोणीस दिवस काचेच्या खोलीत ठेवले होते आणि त्यातले दोन दिवस डॉक्टर तिच्या नजरेला नजर देत नव्हते. दाराशी भरून ठेवलेली पिशवी तिने उचलली, त्याला मागच्या सीटवर बसवले आणि गाडी काढली. जे केल्याबद्दल ती शिकाऊ लोकांवर खेकसायची, ते सगळे तिने पंधरा मिनिटांत केले.

"ताई," मागून क्षीण आवाज आला, "इंडिकेटर."

"गप बस."

इस्पितळात रक्त घेतले, छातीचा फोटो काढला. मग दीड तास गेला. बाकावर बसून ताई फरशी पायाने दाबत राहिली. शेवटी डॉक्टरीणबाई हातात कागद घेऊन आल्या.

"छाती स्वच्छ आहे. रक्तातही काळजीचं काही नाही. दंड बघू."

दंड लालभडक झाला होता. सुईच्या जागी लिंबाएवढी गाठ आली होती. बाईंनी ती हलकेच दाबली, तसा ढब्बू कळवळला.

"वा! छान!"

"छान काय? जीव चाललाय माझा!"

"जात नाही कुठं. परका माल आत आलाय हे ओळखलंय पेशींनी. एकमेकींना हाका मारून तिथं जमल्यात. ताप त्यांनीच चढवलाय." त्या ताईकडे वळल्या. "चार आठवड्यांनी रक्तात खात्री करूच. पण मला विचाराल तर तुमच्या पेशी कामाला लागल्यात. आता घरी जा. ताप वाढला किंवा हुडहुडी भरली, तर लगेच परत या."

ताईचा जीव भांड्यात पडला. ती त्याच बाकावर बसली आणि चारचौघांत हमसून हमसून रडली. आजार कळल्यापासूनच्या अकरा महिन्यांत ती एकदाही रडली नव्हती. ढब्बू संकोचून इकडेतिकडे बघत राहिला, मग त्याने तिच्या पाठीवर दोनदा थोपटले.

गाडीत बसतात न बसतात तोच आईचा फोन आला. आई ऐंशी पार केलेली, मावशीकडे राहायची, आणि कानाने अधू असल्यामुळे जगही बहिरे आहे असे समजून बोलायची.

"कुठं आहात दोघं? घरचा फोन कोणी उचलेना!"

ताईने झाले ते सगळे सांगितले. लस, ताप, सूज, डॉक्टरीणबाईंचे 'छान'.

"ढब्बूला आला ताप?" आईने विचारले. "टोचून?"

"हो."

"किती?"

"एकशे एक."

"दंडावर गाठ? लिंबाएवढी?"

"हो गं. तुला कसं कळलं?"

"ढब्बूला कधी येत नव्हता. टोचलं की पळाला खेळायला. ताप यायचा तुला. दर खेपेला, अगदी असाच." आईचा आवाज एकाएकी खाली आला. "घाबरू नका रे. मी ओळखते त्या तापाला. उद्या दुपारपर्यंत उतरतो."