नवऱ्याच्या केसांचं मेण

मेक्सिकोतल्या ग्वानाह्वातोच्या भाषाशाळेत ओब्दुलियाबाई परदेशी लोकांना स्पॅनिश शिकवायच्या. दर महिन्याला नवी तुकडी, आणि दर तुकडीला तोच चौथा धडा : सकाळची आवराआवर. तोंड धुणे, दात घासणे, दाढी करणे, भांग पाडणे. इतर मास्तर फळ्यावर चित्रं काढत. बाई घरून नवऱ्याचं सामान आणत.

नवरा, एलाडिओ, शिकागोला छपरं घालायच्या कामावर गेला त्याला बरीच वर्षं झाली होती. दाढीचा ब्रश, कंगवा आणि केसांना लावायच्या सुगंधी मेणाची डबी न्हाणीघरातच राहिली. 'आलोच' म्हणून गेलेल्या माणसाचं राहतं तेवढंच.

मेण आता तळाशी चिकटून होतं. त्याला बोट लावायचं नाही असा वर्गाचा नियम. झाकण उघडायचं, केसांवरून रिकामा हात फिरवायचा, वाक्य म्हणायचं, झाकण बंद. घरी बाई डबी उघडतच नसत. उगाच वास खर्च होतो. शाळेच्या कामासाठी उघडली तर चालतं, असं त्यांनी स्वतःला पटवलं होतं.

"आमच्यात 'माझे दात' म्हणत नाहीत," त्या शिकवत. "'मी मला दात घासतो.' झालं. दुसऱ्याचे कोण घासत बसलंय?"

या खेपेला कॅनडाचे निवृत्त पोस्टमास्तर ऑर्विल आले. भारी अभ्यासू. डोक्यावर केस मात्र एकही नाही. त्यांनी भांगाचं वाक्य बिनचूक म्हटलं आणि त्याच भरात सगळं मेण खरवडून टकलावर चोळलं.

सगळा वर्ग रिकाम्या डबीकडे बघायला लागला.

"चुकलं का, बाई?"

"वाक्य बरोबर आहे," बाई म्हणाल्या.

तोवर खोलीभर एलाडिओ पसरला होता. रविवारी चर्चला उशीर झालेला, 'माझा पट्टा कुठंय' म्हणून ओरडणारा. बाईंनी ऑर्विलना पुढच्या बाकावर बसवलं. शाळा सुटल्यावर त्या त्यांच्या मागोमाग निघाल्या.

"बाई, तुम्ही इकडेच राहता?"

"नाही. चाला तुम्ही."

"हळू चालतोय का मी?"

"आणखी हळू चाला. आणि ती टोपी घालू नका."

थांब्यावर बस आली. ऑर्विल चढले, आणि वासही चढला.

रविवारी एलाडिओचा व्हिडिओ कॉल आला. नेहमीसारखी लोकरी टोपी.

"तुझं मेण संपलं," बाई म्हणाल्या.

"कुणी संपवलं?"

"एका टकल्यानं."

एलाडिओनं टोपी कानांवर आणखी खाली ओढली.

"ओब्दु, ही टोपी थंडीसाठी नाही गं. केस सगळे गेले. तू वाट बघतेयस ती केसवाल्याची. म्हटलं, कसं सांगू?"

"काढ टोपी."

"हसशील."

"काढ."

त्यानं काढली. बाईंनी डबी उघडली, कडेला उरलेलं पुसटसं मेण बोटावर घेतलं आणि फोनच्या काचेवर, त्याच्या डोक्याच्या जागी, हळूहळू चोळायला लागल्या.

"सगळं धुरकट दिसतंय. काय करतेयस?"

"हलू नकोस," बाई म्हणाल्या. "भांग वाकडा पडेल."