सतरा तास लांबचा मुलगा

ताई ट्रॅव्हल एजन्सीत विमानाची तिकिटं काढून द्यायची. कुठलं शहर किती तासांवर, विमान मध्ये कुठे बदलायचं, तिथे आत्ता किती वाजले असतील, सगळं तिला तोंडपाठ. धाकट्या भावाचं शहर सतरा तासांवर होतं, आणि तिथलं घड्याळ साडेदहा तास मागे.

अंथरुणाला खिळलेले बाबा रोज विचारायचे, "निघाला का गं तो?"

भावाचं उत्तर ठरलेलं. "सतरा तास लागतात, ताई. मनात आलं आणि आलो, असं होतं का?"

ताई दातओठ खायची आणि बाबांना सांगायची, "रजा मिळत नाहीये त्याला."

एका रविवारी सकाळी अकराला तिने बाबांच्या उशाशी बसून व्हिडिओ कॉल लावला. भाऊ अंधाऱ्या खोलीत होता. "रात्रीचे साडेबारा वाजलेत," तो जांभई देत कुजबुजला. "सगळे झोपलेत."

तेवढ्यात त्याच्या पाठीमागचं दार धाडकन उघडलं. लख्ख ऊन आत आलं, आणि उन्हाबरोबर आठ वर्षांची भाची. अंगावरून पाणी निथळतंय, कपाळावर पोहायचा चष्मा. "पप्पा, चला ना! सगळे पाण्यात उतरलेसुद्धा!"

फोन बंद झाला. ताईने वळून पाहिलं, तर बाबा डोळे मिटून पडले होते.

दुपारी तिने गॅलरीत जाऊन पुन्हा फोन लावला. भावाने आधी उडवाउडवी केली, मग कबूल केलं. बायकोच्या माहेरची मंडळी सुट्टीला जमली होती, समुद्रकाठच्या एका हॉटेलात. ताईच्या घरापासून विमानाने दोन तास दहा मिनिटं.

"तिकडे आलो असतो तर अडकून पडलो असतो गं. बाबांना कळू देऊ नकोस."

बाबांना कळलं होतं. संध्याकाळी ती भरवत असताना ते म्हणाले, "ऊन छान होतं तिकडे." घास गिळून पुढे म्हणाले, "मला दिसलं हे त्याला सांगू नकोस. लाजेने फोन करायचाही बंद होईल."

मंगळवारी सकाळी बाबा गेले. ताईने भावाला कळवलं. "दुपारचं विमान आहे. चारपर्यंत पोचशील. आम्ही थांबतो."

तो म्हणाला, "सगळ्यांना वाटतंय मी परदेशात, माझ्या घरी आहे. चार वाजता कसा उगवू? काय सांगू लोकांना?"

तरीही ताईने साडेपाचपर्यंत सगळ्यांना थांबवून धरलं. मग तीच बाबांना पोचवून आली.

भाऊ बुधवारी दुपारी टॅक्सीतून उतरला. दाढी वाढलेली, डोळे लाल. आत्याने त्याला पोटाशी धरलं. "किती लांबून धावत आलास रे! बसून बसून पाय सुजले असतील." त्याने मान हलवली. सतरा तासांचा प्रवास, वर तिकीट मिळेपर्यंतचा वेळ. सगळं त्याने बरोबर जुळवलं होतं. तेवढे तास तो हॉटेलच्या खोलीत बसून होता.

ताईने त्याला स्वयंपाकघरात गाठलं.

"बाबांना त्या दिवशीच कळलं होतं," ती म्हणाली. "तुला सांगू नको म्हणाले."

भाऊ ओट्याला टेकला. ताईला वाटलं, आता रडेल. रडला असता तर तिने त्याला जवळही घेतलं असतं.

त्याने हळूच दार लोटून घेतलं आणि विचारलं, "आत्याला सांगितलंस का?"