समोरचं कॉलेज

आमच्या खिडकीतून कॉलेजचं फाटक दिसतं. मधे फक्त रस्ता. त्या फाटकाच्या जिवावर मी घरावर दोन मजले चढवले. वरच्या खोल्यांत कॉलेजची पोरं-पोरी भाड्यानं राहतात. मी स्वतः फारशी शिकले नाही. अक्षरं ओळखीची आहेत, पण घसट नाही. शिकणाऱ्यांना सरळ कसं ठेवायचं, ते मात्र मला विचारा. गरम पाणी लवकर उठेल त्यालाच. जिन्यात चपला दिसल्या की थेट गच्चीवर. पोरं मला तोंडावर आजी म्हणतात आणि माघारी जेलर. माझे कान शाबूत आहेत.

माझी नात याच घरात वाढली. तिचे आईबाप नोकरीपायी लांब. एका जागी ठरायची नाही म्हणून मी तिला भिंगरी म्हणते. तिच्या कॉलेजचं मी सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं, "आमच्या पोरीला नुसता रस्ता ओलांडायचाय."

प्रवेशाची शेवटची यादीही लागली आणि तिचं नाव आलं नाही.

यादी लागली तशी नवी पोरं सामान घेऊन यायला लागली. त्यांच्या गाद्यांवर चादरी घालायचं काम भिंगरीचं. ती खोलीमागून खोली लावत गेली. एका नव्या मुलीच्या आईनं कौतुकानं विचारलं, "ही तुमची नात ना? कितव्या वर्षाला?"

भिंगरीच्या आधी मीच बोलले. "तिचं ठरायचंय अजून. कॉलेजं रांगेत उभी आहेत."

भिंगरीनं हातातली उशी ठेवली आणि खाली निघून गेली. स्वयंपाकघरात मला गाठून म्हणाली, "आजी, माझ्यासाठी खोटं बोलू नकोस."

"मग काय सांगू? आपटली म्हणून?"

"सांग की. आपटले तर आपटले. लाज तुला वाटतेय, मला नाही."

वाटत होती तिलाही. नाहीतर मागच्या जिन्यानं ये-जा कशाला केली असती? पोरं जेवून गेल्यावर ती पानावर बसायची. मी समोर बसायचे. वर हसण्या-खिदळण्याचा दणदणाट, आणि खाली आम्ही दोघी, आपापल्या ताटात बघत. घरात एवढी माणसं, पण बोलायला एक नाही.

मी माझ्या परीनं तोड काढली होती. "वर्षभर घरी बस. अभ्यास कर. परत परीक्षा दे. तुला उपाशी ठेवणार आहे का मी?"

ती ताट उचलून मोरीकडे गेली.

मग एक दिवस वरचा लंबू चहा मागायला आला आणि बोलून गेला, "आजी, हिच्या त्या दुसऱ्या शहरातल्या कॉलेजचं काय ठरलं? तिथे पहिलं वर्ष चांगल्या मार्कांनी काढलं तर दुसऱ्या वर्षाला इथे घेतात. दरवर्षी काहीजण गळतात ना, त्यांच्या जागेवर."

"तुझ्याकडून काही आशा आहे का रे गळायची?"

"आहे की," म्हणाला मेला, आणि हसत वर गेला.

मी भिंगरीकडे पाहिलं. तिला सगळं ठाऊक होतं. तिथे जागा मिळालीही होती, फक्त येत्या सोमवारी जाऊन हजर व्हायचं होतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू नाही म्हणाली असतीस. आणि तू एकटी पडशील."

"मी? या धर्मशाळेत?"

"बरं. मग मीच एकटी पडलेय, असं समज. आजी, इथे बसून रोज ते फाटक बघत मला अभ्यास नाही होणार गं."

माझ्याशी कधी एवढं मऊ बोलली नव्हती. मी भांडायला उठले होते, ती माळ्यावरची बॅग काढायला गेले.

रविवारी आम्ही बसनं त्या शहरात गेलो. कॉलेजजवळ एका बाईच्या घरी एकच खोली रिकामी होती. मी नळ सोडून बघितला, कडी ओढून बघितली, गादी दाबून बघितली. बाई दारात हाताची घडी घालून उभी. शेराला सव्वाशेर.

"गादी पातळ आहे," मी म्हटलं.

"झोपायला पुरते. लोळायला नाही. पटत नसेल तर सांगा, खाली दुसरे थांबलेत."

"बोलायची ही कुठली रीत?"

"घरमालकिणीची. आणि पाहुण्यांनी मुक्काम करायचा नाही, आधीच सांगते."

भिंगरीनं तोंड फिरवलं. हसू दाबत होती. तिची खिडकी मागच्या अंगणात उघडत होती. तिथे कुणाचे तरी कपडे वाळत होते, आणखी काही नाही. ती खाट त्या खिडकीकडे ढकलायला लागली. जागा ठरली, हे मला कुणी सांगायला नको होतं.

मी बाईला जिन्यात गाठलं. उभ्या जन्मात कुणापुढे वाकले नव्हते. "पोर तशी गुणी आहे. पण दुखलं-खुपलं स्वतःहून सांगत नाही. जेवली का, तेवढं विचारत जा."

"बाई, मी भाडेकरू ठेवते. लेकरं सांभाळत नाही."

हे वाक्य माझंच. परक्या तोंडून ऐकताना फार थंड लागलं. वाटलं, वर जावं, पोरीचा हात धरावा, सरळ घरी न्यावं. वरून खाट सरकवल्याचा आवाज येत होता. मी वर गेले नाही. बाईला म्हटलं, "खोली आम्ही घेतली."

भिंगरी त्या घराच्या फाटकापर्यंत सोडायला आली. "नीट जा. पोचलीस की फोन कर."

"मी काय कुकुलं बाळ आहे?"

"तरी कर." तिनं मला मिठी मारली आणि सोडायच्या आधी म्हणाली, "उद्या पहिला दिवस आहे. कपडे काढून ठेवते." मग आत पळाली.

बसमध्ये मी खिडकीशी बसले, पिशवी शेजारच्या जागेवर ठेवली. एका बाईनं विचारलं, "इथे कुणी आहे का?"

"आहे," मी म्हटलं.

ती मागे जाऊन उभी राहिली. गाडी सुटली. वळणावर बिचारी दांडा धरून झोके खायला लागली. मी पिशवी मांडीवर घेतली आणि मान वळवून हाक मारली, "अहो, या. कुणी नाही."