झाकणावरची ओली माती

ओतार तिबिलिसीच्या इस्पितळातून घरी आला आणि अंगणातल्या बाकावर टेकायच्या आधीच मारानीकडे, म्हणजे घरातल्या वाइनच्या खोलीकडे वळला.

"अहो, छाती शिवून आलात, जरा बसा तरी," बायको एतेरी म्हणाली.

"बसायचंच आहे आता जन्मभर. आधी रांजण बघू दे."

लेक लेला जन्मली त्या वर्षी भरून भुईत गळ्यापर्यंत पुरलेला तो रांजण. तो उघडायचा तिच्या लग्नातच, आणि लग्न परवावर आलं होतं. रांजणाच्या दगडी झाकणावर मातीचं लिंपण असतं आणि ते कायम ओलं ठेवावं लागतं. वाळून तडकलं, आत वारा शिरला, की वाइनचा सिरका होतो. यंदाचा उन्हाळा तर नुसती भट्टी. लेला नोकरीला तिबिलिसीत, एतेरी नवऱ्याच्या उशाशी. घरात चिटपाखरू नव्हतं. खाटेवर पडल्या पडल्या ओतारने हृदयापेक्षा त्या मातीचीच काळजी जास्त केली. व्याही खाली अलाझानी नदीकाठचे, पिढीजात द्राक्षवाले. मुलीच्या लग्नात बापाने विकतची वाइन वाढली असती, तर गावात, सिघनाघीच्या टेकडीवर, त्याला तोंड दाखवायला जागा उरली नसती.

तो कण्हत खाली वाकला आणि हात टेकला. माती ओली होती. गार, गुळगुळीत, एक तडा नाही.

कोपऱ्यात एक निळी झारी होती, कान तारेने बांधलेला. ती झारी त्याने कुंपणभिंतीपलीकडे हजारदा पाहिली होती. शेजारच्या पाव्लेची.

पाव्लेशी तो कित्येक वर्षं एक शब्द बोलला नव्हता. ओतारच्याच घरच्या मेजवानीत पाव्ले तमादा होता, म्हणजे पंगतीच्या वतीने प्याले उचलणारा. गेलेल्यांच्या नावाने प्याला उचलताना त्याने पाववाल्याच्या मावशीचं नावसुद्धा घेतलं, आणि ओतारच्या आईचं, देसपिनेचं, विसरला. लहानपणी तो तिच्याच चुलीपाशी जेवलेला. दुसऱ्या दिवशी बिचारा दाराशी आला होता. ओतारने कडी काढली नाही.

ओतार भिंतीपाशी गेला. पाव्ले टोपल्या धूत होता.

"पाव्ले."

पाव्लेचे हात थांबले. "जिवंत आहेस म्हणायचा."

"झारी राहिलीय तुझी."

"राहू दे. संध्याकाळी लागेल."

"रोज येत होतास?"

"मग काय सणासुदीला? मारानीचं दार सताड उघडं टाकून गेलात दोघं. ही भिंत चढून चढून गुडघे गेले माझे."

ओतारला हसू आलं आणि टाके दुखले. मग त्याचे डोळेच भरून आले, आणि ते त्याने लपवले नाहीत. "माझ्या लेकीची लाज राखलीस रे. कसे उपकार फेडू तुझे?"

"फेडू नकोस. बोलत जा."

"परवा तमादा तू."

"मी नको. मी विसरतो."

"विसरलास तर सांगेन. या वेळी तोंड उघडून सांगेन."

लग्नाच्या दिवशी रांजण उघडला. वाइनचा जर्दाळूसारखा वास अंगणभर पसरला. व्याह्यांनी एक घोट घेतला, मग दुसरा घेतला आणि वाडगा पुन्हा पुढे केला. ओतारच्या मनावरचं ओझं उतरलं.

पाव्ले उठला. पहिला प्याला देवाचा आणि शांततेचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"क्रम मला पाठ आहे," तो म्हणाला. "पण आज देव थांबेल जरा. पहिला प्याला देसपिनेचा. तिने मला भरवलं, आणि मी तिला विसरलो."

पंगत उभी राहिली. खाली मान घालून ओतारने पावाच्या तुकड्यावर चार थेंब सोडले, आईच्या नावाचे. डॉक्टरांनी त्याला वाइन बंद केली होती. भरलेला वाडगा त्याने दोन्ही हातांनी पाव्लेपुढे धरला.

"घे," तो म्हणाला. "माझ्या वाटची तू पी."