दोन गौरवग्रंथ

बबनराव देठे सरांचा दरारा असा, की कॉलेजातला कडुनिंबही त्यांना विचारल्याशिवाय पान गाळत नसे. अभ्यास मंडळाचे अध्यक्ष प्रेमसिंग राठोड सर त्यांच्याहून वरचढ. ते शिंकले की विद्यापीठाच्या परीक्षा पुढे जात. दोघांचं आपसात इतकं वाकडं, की एका बैठकीत बसले तर मधल्या कपातला चहा घाबरून आटायचा.

पुसदची कहकशां देठे सरांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. प्रबंध मंजूर झाला होता, मौखिकी तेवढी उरली होती, आणि तिची तारीख राठोड सरांच्या हाती. इकडे पुसदच्या एका कॉलेजात जागा निघालेली. मुदतीत पदवी मिळाली तर घरच्या गावात नोकरी, नाहीतर गेली.

दोन्ही सर त्याच साली निवृत्त होत होते, म्हणून दोघांचे गौरवग्रंथ निघत होते. देठे सर म्हणाले, "राठोडच्या ग्रंथात एक लेख देऊन टाक. तारीख भेटून जाईन."

"पण सर, तुमच्या ग्रंथात दिला ना मी. तुम्हाले राग नाही येणार?"

"मले काहून येईन? मीच सांगून राह्यलो ना. अन् गौरवग्रंथ कोणी वाचते काय, बेटा? कपाटात ठेवाची चीज आहे ते."

कहकशांला काही पटलं नाही. पण गाइडला नाही कोण म्हणणार? स्तुतीला रोज नवे शब्द आणायचे तरी कुठून, म्हणून तिने देठे सरांच्या लेखातलं जुनंच वाक्य पुन्हा घातलं: असा अभ्यासक विदर्भात दुसरा नाही.

सरांचं अर्धं खरं होतं. स्वतःचा गौरवग्रंथ कोणी वाचत नाही. दुसऱ्याचा मात्र पेन्सिल घेऊन, छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचतात.

दोन्ही ग्रंथ छापून आले. राठोड सरांनी देठे सरांचा वाचला आणि तारीख "पाहू" वर ठेवली. देठे सरांनी राठोड सरांचा वाचला आणि तिला बोलावून घेतलं.

"विदर्भात दुसरा नाही काय? मग मी कुठचा, तेलंगणातला?"

"सर, तुम्हीच तर लेख दे म्हणाले होते."

"लेख दे म्हटलं होतं. खरा वाटन असा लिवाले कोणी सांगितलं?" मग ते जरा नरमले. "आता एकच रस्ता आहे. कुलगुरूंच्या साठीचा ग्रंथ निघून राह्यला. त्यात लिही. ते राठोडले फोन करतीन."

"अन् मौखिकी?"

"ग्रंथ तर छापून येऊ दे."

तोवर पुसदची मुदत उलटणार, हे त्यांनाही ठाऊक होतं. या सल्ल्यावरही प्रश्न विचारावा म्हणून कहकशांने तोंड उघडलं. सर चष्म्यावरून बघतच होते.

"किती पानं लिहू, सर?" तिने विचारलं.