याय फेंगचा खुबा

खोन केनच्या वैद्यकीय महाविद्यालयात देहदान करणाऱ्याला महागुरू म्हणतात. विद्यार्थी आधी फुलं वाहतात, हात जोडतात, मगच सुरी उचलतात. त्या सकाळी डॉ. रचनीनंही हात जोडले. टेबलावरची महागुरू म्हणजे नोंग साए गावची याय फेंग होती. याय म्हणजे आजी. पण रचनीला ती सख्ख्या आजीहून जवळची. जाण्यापूर्वी यायनं लेकीला बजावलं होतं, "माझे गुडघे डॉक्टरचे. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

रचनीनं उभं आयुष्य गुडघ्यांच्या झिजेवर घातलं होतं. भातलावणीत वाकून आणि विहारात पाय एका अंगाला दुमडून बसून तिकडच्या बायकांचे गुडघे लवकर जात. तिनं बसल्या जागी करायचा एक साधा व्यायाम बसवला. नोंग साएच्या बायकांनी तो मनावर घेतला आणि त्यांचं दुखणं उतरलं. एक्स-रेमध्ये झीज वाढतच होती, पण मांडीचे स्नायू बळकट झाल्यामुळे ती जाणवत नाही, असा रचनीनं अर्थ लावला. तिचं सगळं नाव त्या एका अर्थावर उभं होतं. आता तो व्यायाम प्रांतातल्या गावोगावी शिकवायचा होता.

तिनं गुडघा उघडला. तो वाटलं होतं त्याहून वाईट निघाला. सहज म्हणून तिनं वरचा खुबाही उघडला, आणि तिचा हात थांबला. मांडीच्या हाडाचा माथा चेंडूसारखा गोल असतो. हा चपटा झाला होता, बोटांनी दाबलेल्या चिकट भाताच्या गोळ्यासारखा. मणकेही खचले होते. हाड असं दारूनं किंवा पडल्यानंही होतं, पण याय दारूला शिवत नसे, कधी पडलीही नव्हती. मग उरत होतं एकच कारण, वर्षानुवर्षं पोटात गेलेलं स्टिरॉइड. जत्रेत जडीबुटीच्या नावानं विकल्या जाणाऱ्या काळ्या गोळ्यांत ते मिसळलेलं असतं. दुखणं पळतं आणि हाड आतून मरतं. रचनी दर भेटीत गावाला हे समजावून सांगायची. याय सगळ्यांत पुढे बसून मान हलवायची.

इतकी वर्षं रचनीनं एक्स-रे काढले ते फक्त गुडघ्यांचे.

दुपारी ती नोंग साएला पोचली तेव्हा यायची लेक बुआलाय अंगणात सुपारी कातरत होती. रचनीनं तिला खुब्याचं सांगितलं. बुआलायनं अडकित्ता खाली ठेवला. गोळ्या सगळ्याच बायका खात होत्या, ती म्हणाली. डॉक्टरांची गाडी वळणावर दिसली की यायच हाळी द्यायची, लपवा गं.

"का?" रचनीनं विचारलं.

"तुम्ही पहिल्यांदा आलात, व्यायाम शिकवलात, आणि विचारलंत, बरं वाटतं का? तुमचा चेहरा इतका आशेनं फुलला होता, डॉक्टर. नाही कसं म्हणायचं? आणि एकदा हो म्हटल्यावर पुढं नाही कुठल्या तोंडानं म्हणायचं?"

"माझं मन राखायला तुम्ही माझा जन्म फुकट घालवलात."

बुआलायनं सुपारीचे तुकडे गोळा करायला घेतले. "आईच्या जिवाला ते लागलं होतं. तोंडानं सांगवेना, म्हणून तर तिनं अंग दिलं."

रचनीला त्यानं बरं वाटलं नाही. यायला निदान मेल्यावर तरी खरं बोलता आलं. रचनीनं मात्र पुढे काय करायचं? प्रांताच्या कचेरीला तिनं व्यायामाचं काम थांबवायला सकाळीच कळवलं होतं. तिथं कुणी विश्वास ठेवत नव्हतं.

तोवर बायका जमल्या. नेहमीप्रमाणे तिच्या मनगटाला आशीर्वादाचा पांढरा दोरा बांधायला त्या पुढे सरकल्या. रचनीनं हात मांडीखाली घेतले. तिला ओरडायचं होतं. पण त्याआधी एक गोष्ट सांगणं भाग होतं.

"त्या गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत," ती म्हणाली. "शरीराला सवय झालेली असते. अचानक सोडल्या तर माणूस दगावू शकतं. मी हळूहळू कमी करून देईन."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग सगळ्यांत म्हातारी याय सोम हसून म्हणाली, "तुम्ही कशाला जिवाला घोर लावून घेता, डॉक्टर? आम्ही कालच फेकून दिल्या. गावात औषधालाही गोळी सापडायची नाही."

बाकीच्यांनी माना हलवल्या, अगदी याय फेंग हलवायची तशाच. सगळ्यांचे चेहरे प्रेमळ होते. हे खरं असेल, तर यातली एखादी आठवड्याभरात जाईल. खोटं असेल, तर आजही काही बदललेलं नाही. आणि कुठलं खरं, हे आयुष्यभर यांना तपासूनही रचनीला ओळखता येईना.

"गोळ्या आणा," ती म्हणाली. "माझ्यासमोर खा."

एक कोंबडी अंगणभर टोचे मारत हिंडत होती.

शेवटी बुआलाय उठली. रचनीच्या कोपराशी भाताची बांबूची टोपली होती. दर भेटीत त्याच टोपलीतला चिकट भात रचनी याय फेंगच्या शेजारी बसून खात आली होती. बुआलायनं झाकण काढलं, भात बाजूला केला आणि तळातून काळ्या गोळ्यांची पुडी काढून रचनीपुढे ठेवली.